स्थलनामे आणि सामान्यनामे : यवतमाळहून काही नोंदी

एम. ए. च्या भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही दरवर्षी एक साधा स्वाध्याय देतो. घरात, शेतात, बाजारात रोज वापरल्या जाणाऱ्या शब्दांपैकी ज्यांच्या पोटात एखाद्या गावाचे, प्रांताचे किंवा देशाचे नाव दडलेले आहे, असे पाच शब्द प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून आणायचे. आमचे विद्यार्थी यवतमाळ जिल्ह्यातल्या लहानमोठ्या गावांतून येतात. बहुतेकांच्या घरी कपाशी, तूर आणि सोयाबीन. चिठ्ठ्यांमध्ये ठरावीक शब्द येतात. पैठणी, कोल्हापुरी, बनारसी, मुलतानी माती, काबुली चणे. एखादा चौकस विद्यार्थी मोसंबी किंवा बंगला लिहून आणतो आणि वर्गात थोडी चर्चा होते. मागे एका वर्षी मात्र एका विद्यार्थिनीच्या चिठ्ठीवर चार नेहमीचे शब्द होते आणि पाचवा शब्द होता 'यवतमाळ'. आम्हाला वाटले, तिला स्वाध्याय समजला नसावा. हे तर नुसते स्थलनाम झाले, यापासून झालेला शब्द कोणता, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "सर, पुण्याले मुलाखतीले गेलती. गाव सांगितलं का समोरचा मानूस गप्पच होते. मंग म्हणते, म्हणजे ते आत्महत्यांचं यवतमाळ का? त्याच्यासाठी तो शब्दच झाला न, सर."

त्या तासाला आम्हाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा उशिराचा प्रयत्न आहे. स्थलनाम सामान्यनाम होते म्हणजे नेमके काय होते, ते कोण करते आणि एकदा झाल्यावर ते पुन्हा बदलू शकते का, हे तीन प्रश्न आमच्यासमोर आहेत.

प्रथम ज्या शब्दांत गाव अगदी गाढ झोपी गेले आहे, ते पाहू. मोसंबी या फळाच्या नावात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा मोझांबिक देश आहे. पोर्तुगीजांच्या जहाजी व्यापारात हा किनारा आणि आपला पश्चिम किनारा एका साखळीत जोडलेले होते. फळाला नाव त्या साखळीतून मिळाले. बंगला या शब्दात बंगाल आहे. बंगाली धाटणीचे, उतरत्या छपराचे एकमजली घर ते बंगला. इंग्रजांनी हा शब्द उचलला, जगभर नेला आणि आपल्याकडे त्याला ऐश्वर्याचा अर्थ चिकटला. उपवासाच्या दिवशी आपण जे सैंधव किंवा शेंदेलोण वापरतो, त्यात सिंधू आहे. 'शेंदे' हे सैंधवाचेच झिजलेले रूप आणि 'लोण' म्हणजे लवण. संस्कृतच्या अभ्यासकांना हा शब्द वेगळ्या कारणानेही परिचित आहे. सैंधव म्हणजे सिंधू देशचे मीठ आणि सिंधू देशचा घोडाही. म्हणून अनेकार्थी शब्दाचा अर्थ प्रकरणावरून ठरतो हे सांगताना शास्त्रकारांनी नेहमी याच शब्दाचा दाखला दिला. जेवताना सैंधव मागितले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा. म्हणजे एका गावाच्या वा प्रदेशाच्या नावातून दोन वस्तू निघाल्या, आणि त्यांपैकी कोणती हवी हे बोलणारा कोठे उभा आहे त्यावर अवलंबून राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिची गरज लागणार आहे.

या शब्दांची घडण व्याकरणदृष्ट्या सरळ आहे. आधी स्थलनामाला तद्धित प्रत्यय लागून विशेषण होते, जसे पैठणचे ते पैठणी. मग विशेष्य गळून पडते. पैठणी साडी, पैठणी लुगडे असे न म्हणता नुसते पैठणी म्हटले की पुरते. विशेषण नामाच्या जागी बसते आणि हळूहळू गावाची आठवण ऐच्छिक होते. आज पैठणी मोठ्या प्रमाणावर नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात विणली जाते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. शब्दाने गाव सोडले आहे. पाणिनीने या प्रत्ययांचे अर्थ सांगताना 'तेथे जन्मलेले', 'तेथे असणारे' आणि 'तेथून आलेले' असे वेगवेगळे संबंध नोंदले आहेत. वरवर हा सूक्ष्म व्याकरणविचार वाटतो, पण तो फार व्यवहारी आहे. पैठणी ही पैठणला जन्मली. मोसंबीच्या बाबतीत मात्र मोझांबिक हे वाटेतले ठाणे आहे, जन्मभूमी नव्हे. नावात गाव आहे एवढ्यावरून वस्तू त्या मातीची ठरत नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. नावात गाव दिसते म्हणून ते तेथे असतेच असे नाही. पेरू हे फळ पेरू देशातून आले म्हणून पेरू, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेले असते. फळ अमेरिका खंडातले आहे, त्यामुळे हे पटतेही. परंतु कोकणीत या फळाला 'पेर' म्हणतात, आणि जाणकारांचा कल पोर्तुगीजमधल्या नासपतीवाचक 'पेरा' या शब्दाकडे आहे. चंदेरीचा मामला याहून मौजेचा आहे. चंदेरी साडी मध्य प्रदेशातल्या चंदेरी गावची. पण 'चंदेरी दुनिया' म्हणताना जो शब्द आपण वापरतो, तो सोनेरी आणि रुपेरी यांच्या पंक्तीतला, चांदीवरून झालेला. दोन भिन्न कुळांतले शब्द एकाच रूपात भेटले आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्यांची सरमिसळ झाली. उलट मांजरपाट या जाड्याभरड्या कापडाच्या नावात आपल्याला मांजर ऐकू येते, पण त्याचे जुने रूप मादरपाट असून त्यात मद्रास लपले आहे असे मानले जाते. लोकव्युत्पत्ती कधी नसलेले गाव शब्दात बसवते, तर कधी असलेले गाव पुसून तेथे मांजर आणून ठेवते.

आतापर्यंत आपण वस्तूंची नावे पाहिली. मराठीत स्थलनामांपासून झालेल्या शब्दांचा दुसरा मोठा वर्ग वस्तूंचा नसून प्रसंगांचा आणि स्थितींचा आहे. मुलाबाळांनी भरलेले घर म्हणजे गोकुळ. अंगावर दागिना नसलेली स्त्री म्हणजे लंकेची पार्वती. महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत म्हणजे चांदा ते बांदा. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले, पण वाक्प्रचाराने बदललेले नाव स्वीकारले नाही, कारण त्याला यमक हवे होते. १७५८ मध्ये मराठ्यांच्या फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या आणि 'अटकेपार झेंडा लावणे' हा वाक्प्रचार कायमचा झाला. तीनच वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत घडले. या एका गावाच्या नावाचे मराठीत जे झाले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पानिपत होणे म्हणजे पुरता धुव्वा उडणे. परीक्षेत पानिपत होते, निवडणुकीत होते, क्रिकेटच्या सामन्यात होते. बोलणाऱ्याला ते गाव हरियाणात आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्या गावाची माणसे, शेते, बाजार यांच्याशी शब्दाचा काडीचाही संबंध राहिलेला नाही. उरली आहे ती फक्त आपली हार.

आणि त्याच गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानातल्या कापडबाजारात उच्चारले की कोणाच्या डोळ्यांसमोर लढाई येत नाही. पानिपत हे हातमागाचे आणि लोकरी विणकामाचे मोठे केंद्र आहे. तेथल्या चादरी, घोंगड्या, सतरंज्या देशभर जातात. म्हणजे पानिपत हा शब्द मराठीत पराभव आहे आणि बाजारात ऊब आहे. सैंधवासारखेच हे झाले. बोलणारा कोठे उभा आहे त्यावर अर्थ ठरतो.

आता आमच्या कापसाकडे येऊ, कारण यवतमाळबद्दल लिहायचे तर कापसाला वगळता येत नाही. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागला, तेव्हा तेथल्या दलालांनी हिंदुस्थानी कापसाच्या प्रतींना बंदरांची आणि पेठांची नावे दिली. भडोचचा तो ब्रोच, धोलेऱ्याचा तो धोलेरा, हिंगणघाटच्या पेठेतला लांब धाग्याचा तो हिंगणघाट. वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. आमच्या जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीतला कापूस बाजारात गेला तो याच नावाखाली. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद मापाची आगगाडी, लोकांची लाडकी 'शकुंतला', धावू लागली, तीही मुख्यत: कापूस वाहून नेण्यासाठी. गाठी यवतमाळच्या, पण नाव दुसऱ्या गावाचे.

त्या काळी इंग्लंडमध्ये सगळ्या हिंदुस्थानी कापसाला मिळून एक ढोबळ नाव होते 'सुरत'. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या हिंदुस्थानी कापसावर भागवावे लागले. धागा सारखा तुटे, मजुरी बुडे. मजुरांच्या तोंडी 'सुरत' हा शब्द शिवीसारखा झाला. कोणतीही हलकी, फसवी वस्तू म्हणजे सुरत. देवा, कापूस पाठव पण सुरत पाठवू नकोस, अशा आशयाची प्रार्थना तेथे सांगितली जाई. एका मद्य गाळणाऱ्याला कोणीतरी या शब्दाने हिणवले तेव्हा प्रकरण बदनामीचा दावा म्हणून न्यायालयात गेले. ज्या सुरतेच्या संपत्तीच्या कथा आपण शिवकालापासून ऐकत आलो, त्या शहराच्या नावाची सातासमुद्रापार ही गत झाली. सुरतेतल्या माणसांना याची गंधवार्ता तरी होती की नाही, कोण जाणे. आज मात्र यवतमाळच्या कोणत्याही कापडदुकानात 'सुरतचा माल' म्हणजे बेताच्या भावातल्या रंगीबेरंगी साड्या, आणि सराफ्यात सुरत म्हणजे हिऱ्यांना पैलू पाडणारे शहर. लँकेशायरची ती शिवी तिच्या गिरण्यांबरोबरच विझून गेली.

कापसाच्याच संदर्भात आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. आमच्याकडे 'जीन' म्हणजे सरकी काढण्याचा कारखाना, जिनिंग. इंजिन या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते तोकडे रूप. घोड्याच्या पाठीवरचे जीन फारसीतून आले. आणि आमचे विद्यार्थी ज्या जीनच्या पँटी घालून वर्गात येतात, ते जीन इटलीतल्या जिनोआ बंदराच्या नावावरून. त्याच कापडाचे दुसरे नाव डेनिम फ्रान्समधल्या नीम शहरावरून, आणि त्याच जातकुळीच्या कामकरी कपड्यांचे इंग्रजी नाव डंगरी हे तर मुंबईच्या डोंगरीवरून. जगाने कष्टकऱ्यांच्या अंगावरच्या कापडाला गावांची नावे दिली, पण त्या कापडाचा कापूस ज्या शेतांत पिकला, त्या शेतांच्या गावांची नावे क्वचितच कोठे उमटली. विणणाऱ्या गावाचे, विकणाऱ्या पेठेचे, लादणाऱ्या बंदराचे नाव होते. पिकवणाऱ्या गावाचे सहसा होत नाही.

येथून एक सामान्य नियम हाताशी येतो. स्थलनामाचे सामान्यनाम कधीही त्या स्थळी होत नाही, ते नेहमी बाहेर होते. कोल्हापुरात माणूस पायताण घालतो. त्याची 'कोल्हापुरी' होते ती पुण्यामुंबईत. नागपूरच्या घरात संत्रा हा नुसता संत्रा असतो. नागपुरी होण्यासाठी त्याला गाडीत बसावे लागते. आडनावांचेही तसेच. दारव्ह्यात राहणाऱ्या माणसाला दारव्हेकर म्हणण्याचे प्रयोजन नसते. तो नागपूरला किंवा आणखी कोठे गेला की दारव्हेकर होतो. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक लिहिणाऱ्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नावात आमच्या जिल्ह्यातले हे गाव असे बाहेर जाऊन मोठे झाले. ज्याला सामान्यनाम म्हणतो, ती बाहेरच्या माणसाची सोय असते. त्याला त्या गावाकडून एकच गोष्ट हवी असते, आणि उरलेले गाव तो नावातून वजा करतो. पैठणकडून लुगडे हवे असते, पैठणची गोदावरी नको असते. मुलतानकडून माती हवी असते.

या वजाबाकीची चर्चा आपल्या साहित्यशास्त्रात फार पूर्वी झाली आहे, आणि ती नेमकी आमच्या प्रदेशाच्या नावावरून झाली आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. काव्यरचनेच्या सुकुमार, प्रासादिक पद्धतीला वैदर्भी म्हणतात आणि आडंबरयुक्त, समासप्रचुर पद्धतीला गौडी. दंडीने वैदर्भ आणि गौड असे दोन मार्ग मानले. भामहाला हा भेदच मान्य नव्हता. लोक एकामागून एक तसे म्हणत आले म्हणून तो चालू राहिला, असे त्याचे मत. आठव्या शतकातल्या वामनाने वैदर्भी, गौडी आणि पांचाली अशा तीन रीती सांगितल्या आणि सांगता सांगता स्वत:च एक शंका उपस्थित केली. वस्तूंमध्ये जसे प्रदेशाप्रमाणे गुण उत्पन्न होतात, तसे काव्यातही होतात की काय? तसे नसेल तर रीतींना प्रदेशांची नावे का? त्याचे उत्तर असे की, नाही, प्रदेश काव्याला काही देत नाही. विदर्भ आदी प्रदेशांतल्या कवींमध्ये ती रीत दिसून आली, म्हणून तिला ते नाव पडले, एवढेच.

या उत्तरात दोन गोष्टी एकमेकींपासून फार स्वच्छपणे वेगळ्या केल्या आहेत. एक, भूमीतून उपजणे. दुसरी, त्या ठिकाणी दिसणे. संत्र्याची गोडी भूमीतून उपजते असे म्हणता येईल. आपल्याकडचा भौगोलिक निर्देशांकाचा कायदा, जो १९९९ मध्ये मंजूर होऊन २००३ मध्ये अमलात आला, याच समजुतीवर उभा आहे. वस्तूचा गुण वा कीर्ती तिच्या प्रदेशाशी मूलत: बांधलेली असेल तर नावावर हक्क त्या प्रदेशाचा. नागपुरी संत्र्याला ही नोंदणी २०१४ मध्ये मिळाली, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या वहाणा नाव न घेता मांडल्या, तेव्हा इकडे जो संताप झाला तो नाव वगळल्याचा होता. पण काव्य, स्वभाव, दु:ख या गोष्टी संत्र्यासारख्या नाहीत. त्या एखाद्या ठिकाणी 'दिसतात'. वैदर्भी रीतीत लिहिण्यासाठी विदर्भात जन्मावे लागत नाही, आणि विदर्भात जन्मलेला प्रत्येक जण प्रासादिक लिहितोच असे नाही. या दुसऱ्या विधानाला आमच्याकडच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका साक्ष आहेत.

विदर्भाच्या नावाची ही थोरवी येथेच थांबत नाही. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त वैदर्भीला 'वच्छोमी' असे प्राकृत नाव आले आहे. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला लागून असलेले. 'काव्यमीमांसे'त तर राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरात लावून दिला आहे. वऱ्हाड या नावाची गंमत येथे आपोआप आठवते. लग्नाला निघते तेही वऱ्हाड आणि आम्ही राहतो तेही वऱ्हाड. प्रदेशनामाची एक व्युत्पत्ती 'आईने अकबरी'त दिलेली आहे, ती वरदातट म्हणजे वर्धा नदीचा काठ अशी. त्याच ग्रंथात 'यौत लोहारा' असा एक परगणा येतो. यौत म्हणजे यवत आणि लोहारा हे यवतमाळला लागून असलेले गाव. नावातला 'माळ' हा उघडावाघडा माळ नसून परगण्यासाठी वापरला जाणारा 'महाल' असावा, असे गॅझेटियर सांगते. इंग्रजी अमलात आधी आग्नेय वऱ्हाड, मग वणी अशी नावे घेत हा जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. एवढ्या सगळ्या नावांतून गेलेल्या प्रदेशाला आपले एक नाव शब्द व्हावे असे वाटले असते, तर ते काय म्हणून व्हावे असे वाटले असते? साहित्यविद्येचे माहेर म्हणून, की निदान एखाद्या कापसाच्या प्रतीचे नाव म्हणून?

झाले ते वेगळेच. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने सामूहिक आत्महत्या केली. महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांची चर्चा आज त्या घटनेपासून सुरू होते. पुढच्या दोन दशकांत कापसाचा उत्पादनखर्च, भाव, कर्ज आणि कोरडवाहू जमीन यांचे गणित बिघडत गेले. २००६ च्या जुलैमध्ये तत्कालीन पंतप्रधान विदर्भात आले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर झाली. जिल्हे सहा होते. पण बातमीला एक नाव पुरते, आणि ते बहुधा यवतमाळ असे. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जीव गेले, तेव्हा तेच नाव पुन्हा देशभर झाले. जो कापूस दीडशे वर्षे दुसऱ्या गावांच्या नावाने विकला गेला, त्याच कापसाचे दु:ख मात्र आमच्या स्वत:च्या नावाने ओळखले जाऊ लागले.

आमच्या विद्यार्थिनीला मुलाखतीत जे ऐकावे लागले, त्याचा भाषिक अर्थ आता आम्हाला अधिक स्पष्ट दिसतो. विचारणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. कदाचित सहानुभूतीच होती. पण त्याने 'दिसणे' आणि 'उपजणे' यांतला वामनाने केलेला भेद पुसून टाकला होता. जे येथे दिसले, ते या मातीतून उपजते असे त्याने गृहीत धरले, जणू नागपूरला संत्री तशी यवतमाळला मरणे. असे मानले की कारणे विचारण्याची गरज संपते. मातीला कोण जाब विचारणार? भाव कोणी ठरवला, पतपुरवठा का आटला, औषध कोणी विकले, पाणी का पोहोचले नाही, हे प्रश्न बाजूला पडतात आणि जिल्ह्याचे नावच उत्तर म्हणून पुढे येते. स्थलनामाचे सामान्यनाम होताना उरलेले गाव वजा होते असे आम्ही वर म्हटले. येथे गावाबरोबर कारणेही वजा होतात, म्हणून हा शब्द पैठणी किंवा मोसंबीसारखा निरुपद्रवी नाही.

म्हणून आम्ही रागावून हा अर्थ नाकारावा का? तसे करणेही खोटे ठरेल. दु:ख खरे आहे. आमच्या वर्गात बसणाऱ्या काही मुलांच्या घरांत ते आहे. १९७३ मध्ये यवतमाळला ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा येथे भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन या जिल्ह्यातल्या एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने केले. ती त्या व्यासपीठावर बोलली तेव्हा 'यवतमाळ' हा बाहेरच्यांनी केलेला शब्द थोडा वेळ तरी आतल्या माणसाच्या तोंडी आला, आणि त्यात वजा झालेल्या गोष्टी परत जमा झाल्या, म्हणजे घर, मुले, कर्ज, आणि उद्या काय करायचे हा प्रश्न. शब्द आपल्या तोंडी घेणे म्हणजे तो मान्य करणे नव्हे. तो पुरा करणे होय.

आणि तिसरा प्रश्न उरतो, असा शब्द बदलतो का? इतिहास सांगतो की बदलतो. सुरत ही शिवी राहिली नाही. पानिपत मराठीत हार आहे, पण पानिपतला नाही. मात्र हे बदल कोशकारांनी केले नाहीत, आणि अग्रलेखांनीही केले नाहीत. सुरतेचा शब्द सुधारला तो तिच्या मागांनी आणि हिऱ्यांच्या चाकांनी. यवतमाळचा शब्द बदलेल तोही बहुधा कापसाच्या बोंडातून, तुरीच्या शेंगेतून आणि त्यांना मिळणाऱ्या भावातून. भाषेच्या शिक्षकांचे काम त्यामानाने लहान आहे. दिसणे आणि उपजणे यांतला भेद विद्यार्थ्यांना समजावून देणे, आणि एखादा शब्द कोणाच्या सोयीने घडला हे विचारायला शिकवणे, एवढे आम्हाला जमण्यासारखे आहे.

त्या वर्षीपासून आम्ही स्वाध्यायात एक भर घातली आहे. पाच शब्दांच्या जोडीला आता प्रत्येकाने आपल्या गावाचे नाव लिहायचे असते आणि त्यापुढे, ते नाव उद्या कोशात सामान्यनाम म्हणून गेले तर त्याचा अर्थ काय लिहावा, हे एका ओळीत मांडायचे असते. उत्तरे नाना तऱ्हेची येतात. कोणी आठवडी बाजार लिहितो, कोणी यात्रा, कोणी नदीचा डोह, कोणी बांधावरचा मोह. आत्महत्या असे अजून तरी कोणी लिहिलेले नाही. ज्या विद्यार्थिनीच्या चिठ्ठीपासून हा लेख सुरू झाला, ती आता पुण्यात नोकरी करते. मध्यंतरी ती भेटायला आली तेव्हा आम्ही तिला विचारले, ऑफिसात आता गाव विचारतात तेव्हा काय सांगतेस? ती म्हणाली, "यवतमाळच सांगते, सर. गप्प झाला त होऊ देते थोडा वेळ. मंग सांगाले बसते."